टॅपेट

गफूर मेस्त्री म्हणाला, वहिनी, क्रँक गेलाय,
इंजिन खोलावं लागतंय, साडेसहा हजार धरून चला.
चिंचोळीच्या टॉवेल कारखान्यात चेकिंगला मला जे मिळतं
त्यात क्रँक बसत नाही.
अशोक चौकातून ढकलत आणली घरी.
गाडी यांची. हे भिवंडीला.
जाताना म्हणाले होते, अधूनमधून नुसती चालू करत जा.
मी चालवतच गेले.

मोबाइलवर बघून बघून शिकले.
आधी प्लग. मग चेन, रॉकेलने धुऊन.
मग कार्बुरेटर, ज्याचा जेट साफ करायला
झाडूचा हीर तासून तासून केसाएवढा केला.
नटबोल्ट हरवू नयेत म्हणून इडलीपात्राचे खळगे,
वरच्या ताटलीत डावीकडचे, खालच्या ताटलीत उजवीकडचे.
अत्तम्मा दोन दिवस बोलल्या नाहीत.

पण हा आवाज निराळा.
टक टक टक, थंड असताना जास्त,
जणू आत कुणीतरी
बंद दारावर चावी वाजवतंय.

टॅपेट बघायचं तर इंजिन गार लागतं.
आणि मे महिन्यात सोलापुरात गार काय असतं?
रात्री अकराला फरशी पायाला चटका देते.
म्हणून पाण्याचा दिवस धरला.
चौथ्या दिवशी पहाटे साडेतीनला नळ येतो,
सगळी गल्ली तशीही जागी,
मोटारी घुरघुरतात, पाइपावरून वाद.
अंगणात बल्ब ओढून घेतला,
पाइप टाकीत सोडला
आणि बसले पाने मांडून.

मामा उठून आले.
एकतीस वर्षं यंत्रमागावर जॉबर,
धोट्याचा ठोका चुकला की शेडच्या दारातून ओळखायचे.
आता दारावरची बेल ऐकू येत नाही,
नातवाचं रडणं नाही.
माझ्याशी तर ते कधी फारसं बोललेच नाहीत,
भाजीत मीठ कमी पडलं तर ताट किंचित सरकवतात, इतकंच.

त्यांनी हाताने खूण केली: चालू कर.
लांब स्क्रूड्रायव्हर उचलला,
टोक इंजिनाच्या डोक्यावर,
मूठ कानामागच्या हाडाला.
डोळे मिटले.
नळाचं पाणी धो धो पडत होतं
आणि हा माणूस
हाडाने ऐकत होता.

आगु, म्हणाले. मी बंद केली.
क्रँक नाही. वरचं आहे. वरचं, उजवं.
मग तेलुगूत गफूरच्या आईबापाचा उद्धार,
तो मला नीट कळला.

तासभर गाडी निवू दिली. चहा झाला.
टोप्या खोलल्या, चाकावरची टीची खूण
रेघेशी आणून थांबवली.
फिलर गेजचं सर्वांत पातळ पातं
मी फटीत सरकवलं, ते आरपार गेलं, बिनविरोध.
मामांनी माझ्या बोटांवर बोटं ठेवली.
पहिल्यांदाच. तीही ग्रीसने माखलेली.
सुताला ताण बघतात तसं बघ, म्हणाले,
ओढ लागली पाहिजे. तुटता कामा नये.
पाव फेरा. जास्त झालं. मागे. अजून मागे.
नट आवळताना पेच फिरला, पुन्हा पहिल्यापासून.
असं चारदा.
हात पुसायला मागांच्या शेडमधलं वेस्ट,
लाल-हिरव्या धाग्यांचा गुंता,
कुणाच्यातरी चादरीतून उरलेला.

तोवर टाकी भरून वाहिली.
अंगण, गल्ली, शेजारच्या बल्ला काकांची चप्पल.
अत्तम्मांनी आतून जे ओरडायचं ते ओरडून घेतलं.
मामांना ऐकू आलं नाही.
मला आलं, पण मी
मामांकडे बघून ऐकू न आल्यासारखं केलं.

किक मारली. दुसऱ्यांदा लागली.
मामांनी टाकीवर तळवा ठेवला,
बराच वेळ,
मग काढला आणि दात घासायला गेले.

एक वॉशर उरलाय.
कुठला ते अजून सापडलं नाही.
चिंचोळीपर्यंत जाऊन आले दोनदा, काही पडलं नाही.
इडलीपात्रातच ठेवलाय, खालच्या ताटलीत,
अत्तम्मा पीठ ओतताना तो उचलून कडेला ठेवतात
आणि इडल्या उतरल्या
की परत जागेवर.